थांबायचं कुणी?

गोंदियातल्या एखाद्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आत्ता कुणीतरी पायथॉन शिकत बसलं असेल. समोर ज्युपिटर नोटबुक उघडलेलं. चौकटीत २+२ लिहिलं, शिफ्ट धरून एंटर दाबलं, खाली ४ उमटले. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालेलं काम. पण तेवढ्या वेळात त्या मशीनच्या पोटात निदान सहा निरोप इकडून तिकडे गेलेले असतात: ‘हे चालव’, ‘मी कामाला लागलो’, ‘मला अमुक चालवायला सांगितलंय’, ‘उत्तर ४’, मग विचारणाऱ्याला वेगळी पोच की काम बिनचूक झालं, आणि शेवटी ‘मी मोकळा’.

हे निरोप वाहून नेणाऱ्या लायब्ररीचं नाव झीरोएमक्यू. लायब्ररी म्हणजे इथं प्रोग्रामरनं आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यायचं तयार कोड. ही ओपन सोर्स आहे. कुणीही फुकट वापरावी, उघडून वाचावी, सुधारावी. तिला स्वतःची खिडकी नाही की आयकॉन नाही, त्यामुळे रोज वापरणाऱ्यालाही ती आपल्या मशीनवर आहे याचा पत्ता नसतो. ज्युपिटर इन्स्टॉल केलं की तीही सोबत येते. गूगल कोलॅबवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत ती त्यांच्या नव्हे, गूगलच्या मशीनवर असते, पण असते.

ज्युपिटरच्या आत जरा डोकावू, कारण ही लायब्ररी कशासाठी आहे ते तिथं लगेच दिसतं. ब्राउझरमध्ये दिसणारं पान आणि प्रत्यक्ष गणित करणारा प्रोग्राम हे दोन वेगळे जीव आहेत. गणित करणाऱ्याला कर्नल म्हणतात. मध्ये ज्युपिटरचा सर्व्हर असतो. ब्राउझर सर्व्हरशी बोलतो, सर्व्हर कर्नलशी, आणि हा दुसरा टप्पा झीरोएमक्यूचा. कर्नल पाच सॉकेट, म्हणजे निरोपांच्या ये-जा करायची पाच दारं, उघडून बसतो. एकावर कामं येतात. दुसऱ्यावरून तो आपल्याकडे जे काही घडतंय ते जाहीर करत राहतो, मग ऐकणारा एक असो की दहा. तिसरं सॉकेट मधेच माणसाला काही विचारायची वेळ आली तर. चौथ्यावर ‘थांब’, ‘बंद हो’ असे तातडीचे हुकूम. ते कामांच्या रांगेत अडकू नयेत म्हणून त्यांची वाट निराळी. आणि पाचव्यावर नुसती धुगधुगी: तिथं जे बाइट पाठवाल ते जसेच्या तसे परत येतात, बाकी काही नाही. कर्नल अर्धा तास एखाद्या गणितात बुडालेला असला तरी ही धुगधुगी चालू राहते, कारण तिच्यासाठी वेगळा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या आत स्वतंत्र चालणारा कामाचा धागा, राखलेला असतो. त्यामुळे ‘कामात आहे’ आणि ‘मेला आहे’ यांतला फरक बाहेरून ओळखता येतो. (आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांबद्दल हा फरक बाहेरून ओळखता येत नाही, पण तो वेगळा विषय.)

आता एक गंमत करून बघा. एका चौकटीत वीस सेकंद नुसतं झोपून राहायची आज्ञा लिहा, ती चालू करा, आणि ती संपायच्या आत पुढच्या तीन चौकटी एकामागून एक चालवा. चौकटींच्या शेजारी कंसात चांदण्या उमटतात. तुमचं काम झालं. तुम्ही चहाला उठू शकता. कर्नल झोपेतून उठेल आणि तिन्ही कामं आल्या क्रमानं उरकेल. पहिल्याच चौकटीत चूक निघाली तर मागं रांगेत असलेली कामं तो रद्दही करून टाकतो.

असिंक्रोनस म्हणतात ते एवढंच: पाठवणाऱ्यानं निरोप हातावेगळा करायचा आणि आपल्या पुढच्या कामाला लागायचं. ऐकणारा मोकळा आहे का, जागा आहे का, याची वाट बघत उभं राहायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण हातावेगळा केलेला निरोप म्हणजे पोचलेला निरोप नव्हे. मधल्या काळात तो कुठं तरी असतो. कुठं? किती वेळ? आणि तिथली जागा संपली तर?

गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला हे प्रश्न नवे वाटायचं कारण नाही. पाऊस आपल्या लहरीनं पडतो, धानाच्या बांधीला पाणी आपल्या गरजेनं लागतं, आणि या दोघांचं वेळापत्रक कधीच जुळत नाही. म्हणून इथल्या लोकांनी मध्ये तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. कोहळी समाजानं बांधलेले असे तलाव या पट्ट्यात गावोगाव आहेत. मालगुजारी गेली आणि त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, म्हणजे बोलण्यातले मामा तलाव झालं. एका तलावाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा अशा साखळ्या. आणि प्रत्येक पाळीला एका बाजूला ठरवून ठेवलेला सांडवा. पाणी साठवायची अक्कल कुणालाही सुचेल. जास्तीचं पाणी कुठून जाऊ द्यायचं हे आधी ठरवणं ही खरी कारागिरी. सांडवा नसलेला तलाव भरला की पाळच फुटते.

झीरोएमक्यूतली रांग अगदी अशीच वागते. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर निरोप जाताना वाटेत एक नव्हे, चार साठे लागतात: पाठवणाऱ्याच्या बाजूला लायब्ररीची रांग, तिच्याखाली ऑपरेटिंग सिस्टिमचा साठा, पलीकडच्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा साठा, आणि शेवटी घेणाऱ्याच्या बाजूची लायब्ररीची रांग. घेणारा प्रोग्राम मंदावला की आधी सगळ्यात खालचा साठा भरतो, मग त्याचा फुगवटा वर वर सरकत पाठवणाऱ्याच्या रांगेपर्यंत येतो. लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीत या रांगेला मुळात मर्यादाच नव्हती. घेणारा एक जरी सुस्त निघाला तरी पाठवणाऱ्याच्या मशीनची मेमरी फुगत जायची आणि शेवटी प्रोग्राम कोसळायचा. म्हणजे दोष घेणाऱ्याचा आणि पाळ फुटायची पाठवणाऱ्याची. तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक जोडणीच्या रांगेला १,००० निरोपांची मर्यादा आपोआप लागू झाली. प्रोग्रामरला ती बदलता येते, हवी तर काढूनही टाकता येते. पण मग फुटलं तर त्याचं तो बघेल.

मर्यादा गाठली की काय होतं ते सॉकेटच्या प्रकारावर ठरतं, आणि मला स्वतःला ही या लायब्ररीतली सगळ्यात प्रामाणिक जागा वाटते. पब नावाचं सॉकेट जाहीर करणाऱ्याचं. त्याच्या समोर शंभर ऐकणारे असतील आणि त्यातल्या एकाची रांग भरली, तर त्या एकासाठीचे नवे निरोप सरळ सांडव्यावरून जाऊ दिले जातात. बाकीच्या नव्व्याण्णवांना कळतही नाही. ज्याचे निरोप गेले त्यालाही कुणी सांगत नाही; पाठवणाऱ्यानं निरोपांवर अनुक्रमांक घातले असतील तर ते तपासून त्यानं स्वतःच ओळखायचं. पुश नावाचं सॉकेट कामं वाटणाऱ्याचं. तिथं एकही काम गाळून चालत नाही, म्हणून सगळ्या रांगा भरल्या की लायब्ररी पाठवणाऱ्यालाच अडवून धरते. तलावाचं उदाहरण इथं संपतं, कारण आभाळाला ‘जरा थांब’ म्हणायची सोय नाही.

हवामानाचं ताजं तापमान सांगणारा प्रोग्राम पब वापरेल: मागचं तापमान गळालं तर बिघडत नाही, पुढचं येतंच आहे. हजार चित्रं लहान करून ठेवायचं काम चार मशीनला वाटणारा पुश वापरेल. सॉकेट निवडलं म्हणजे कुणी थांबायचं आणि काय वाया जाऊ द्यायचं हा निर्णय आपण घेऊन टाकला. पुष्कळ सॉफ्टवेअर हा निर्णय घेत नाही आणि मग गर्दीच्या दिवशी तो आपोआप घेतला जातो.

पब सॉकेटची आणखी एक खुबी गोंदियाच्याच नावांवर दाखवता येईल. ऐकणारा आधी सांगतो की मला अमुक अक्षरांनी सुरू होणारेच निरोप हवेत. समजा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांचं पावसाचं मोजमाप कुणी असं जाहीर करतंय, प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला तालुक्याचं नाव. ‘गो’ एवढंच मागितलंत तर गोंदिया आणि गोरेगाव दोन्ही येतील. ‘अर्जुनी’ मागितलंत तर अर्जुनी मोरगाव येईल, पण सडक अर्जुनी येणार नाही. कारण लायब्ररी नाव समजून घेत नाही, फक्त पहिल्या बाइटपासून जुळवत जाते. काहीच न लिहिता मोकळी मागणी नोंदवलीत तर सगळं येईल. आणि मागणी नोंदवायचीच विसरलात तर काहीही येणार नाही, प्रोग्राम बिनतक्रार कोरडा बसून राहील. नवशिक्यांची निम्मी डोकेदुखी हीच. ही चाळणी पूर्वी ऐकणाऱ्याच्या मशीनवर लागायची, म्हणजे नको असलेला माल सगळा रस्ता चालून आल्यावर टाकून दिला जायचा. तिसऱ्या आवृत्तीपासून ती जाहीर करणाऱ्याच्या बाजूला सरकली; ज्याला सालेकसा नको त्याच्या वायरवर सालेकसा चढतच नाही.

निरोप, निरोप म्हणतोय खरं, पण इंटरनेटच्या मुळाशी असलेल्या टीसीपीला निरोप नावाची गोष्ट ठाऊकच नाही. टीसीपी बाइटची अखंड धार वाहून नेतो. या टोकाला तुम्ही तीनदा मिळून जे ओतलंत ते त्या टोकाला एकदम येईल किंवा सात तुकड्यांत येईल. क्रम चुकणार नाही एवढीच हमी. एक निरोप कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हे ज्यानं त्यानं शोधून काढायचं. नेटवर्कचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे शोधून काढणं पुन्हा पुन्हा, आणि पुन्हा पुन्हा चुकीचं लिहिलं. झीरोएमक्यू ते एकदाच नीट करून देते. जोडणी झाली की दोन्ही बाजू आधी ६४ बाइटची ओळख देतात: आम्ही कोण, कुठली आवृत्ती बोलतो, कुलूप कसलं वापरणार. त्यानंतर प्रत्येक निरोपाच्या पुढे फक्त दोन बाइट: एक खुणेचा, एक लांबीचा.

देवनागरीतला ‘गोंदिया’ हा शब्द धरा. ग, ओकार, अनुस्वार, द, इकार, य, आकार अशी सात चिन्हं. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे २१. वायरवर जातात २३. एक शून्य, मग २१ हा आकडा, मग गोंदिया. निरोप २५५ बाइटच्या वर गेला तरच लांबीसाठी एकाऐवजी आठ बाइट खर्ची पडतात. आणि पलीकडच्या प्रोग्रामच्या हातात निरोप येतो तो अख्खा, नाहीतर येतच नाही. अर्धा ‘गोंदि’ कधीच नाही.

लायब्ररी हे सगळं तुमच्या प्रोग्रामच्या पाठीमागे, वेगळ्या थ्रेडमध्ये करत असते. तुम्ही ‘पाठव’ म्हणता तेव्हा निरोप फक्त रांगेत पडतो. वायरवर कधी चढवायचा ते मागचा थ्रेड बघतो. पलीकडचं मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं तर जोडणी परत लावण्याचं कामही तोच करतो, तुम्हाला न विचारता. याची गंमत बघायला दोन टर्मिनल पुरतात. एकात पुश सॉकेट एका पत्त्याला जोडा, ज्या पत्त्यावर अजून कुणीच नाही, आणि शंभर निरोप पाठवा. नेहमीच्या टीसीपी प्रोग्रामनं ‘जोडणी नाकारली’ म्हणून हात वर केले असते. इथं काही कुरकुर नाही. जेवून या, मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये घेणारा सुरू करा: शंभरच्या शंभर त्याच्याकडे. निरोप लिहिले तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता.

वेगाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ही लायब्ररी मुळात वेगासाठीच लिहिली गेली. छोटा निरोप पाठवताना वेळ जातो तो निरोपात नव्हे, तर प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारात जाऊन नेटवर्कच्या सगळ्या पायऱ्या उतरण्यात. म्हणून बरेच जण निरोप साठवून एकगठ्ठा पाठवतात. पण साठेपर्यंत पहिल्या निरोपानं ताटकळायचं का? झीरोएमक्यूचं उत्तर फार देखणं आहे. मागचा थ्रेड मोकळा असेल तर आलेला निरोप एकटाच, ताबडतोब निघतो. तो जाईस्तोवर जे जमतील ते सगळे पुढच्या फेरीला एकत्र निघतात. गर्दी नसली तर विलंब नाही, गर्दी वाढली तर गठ्ठे आपोआप मोठे. घड्याळ लावावं लागत नाही. दोन थ्रेडमधली रांगही कुलूप न लावता चालते, आणि घेणारा थ्रेड जागा असेल तर त्याला हाक मारली जात नाही. रांग रिकामी पाहून तो झोपला असेल तरच जागं करायचं. जागं करणं महाग असतं, म्हणून जिथं टाळता येईल तिथं टाळलंय. मार्टिन सुस्ट्रिक या स्लोव्हाक प्रोग्रामरनं बसवलेली ही घडी आहे.

सुस्ट्रिक आणि पीटर हिंटजेन्स यांनी हे काम २००७ मध्ये बेल्जियमच्या आयमॅटिक्स या छोट्या कंपनीत सुरू केलं. त्याआधी हीच कंपनी जेपी मॉर्गन चेस या बँकेसाठी एएमक्यूपी नावाच्या निरोपांच्या मानकावर राबत होती. त्या मानकात मध्ये एक ब्रोकर असतो: सगळ्यांनी त्याच्याकडे द्यायचं, सगळ्यांनी त्याच्याकडून घ्यायचं. रॅबिटएमक्यू त्याच घराण्यातला, आणि तो आजही जोरात चालतो. मानक मात्र समितीच्या हातात गेलं, जाड होत गेलं, आणि २०१० मध्ये हिंटजेन्स यांनी त्यातून अंग काढून घेतलं. नव्या लायब्ररीत मधला कुणी ठेवलाच नाही. प्रत्येक प्रोग्रामच्या आतच ब्रोकरचा जेवढा हवा तेवढा तुकडा, आणि हवा असेल तर ज्याचा त्यानं मध्ये बसवावा. शेअर बाजारासारख्या धंद्यात भाव एका मशीनवरून दुसऱ्यावर जायला लागणारे मायक्रोसेकंद मोजतात. लक्ष्य ते होतं. झालं वेगळंच. भौतिकशास्त्रवाल्यांना ती आवडली. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेनं आपल्या त्वरकांच्या नियंत्रणातला निरोपांचा जुना थर काढून झीरोएमक्यूवर नवा बांधला. फर्नांडो पेरेझ यांच्या आयपायथॉन या प्रोग्रामनं २०११ मध्ये तिला आत घेतलं आणि तिथूनच पुढे ज्युपिटर निघालं.

महाराष्ट्रात ही लायब्ररी मोठ्या कामावर बघायची तर गोंदियाहून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जावं लागतं. नारायणगावजवळचं हे गाव गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी दाटीनं, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, टोकापासून टोक सुमारे २५ किलोमीटर. शेतं, मळे, ओढे यांच्या मधून मधून उभ्या असलेल्या या तीसही अँटेना एकाच क्षणी आकाशाच्या एकाच बिंदूकडे वळलेल्या हव्यात. कुठली किती कोनात आहे, मोटर कशी चालली आहे, वारा किती सुटलाय, रिसीव्हर ठीक आहे का, हे सगळं नियंत्रण कक्षात सतत कळत राहायला हवं.

कळण्याच्या दोन रीती आहेत. एक, नियंत्रण कक्षानं दर सेकंदाला प्रत्येक अँटेनाला प्रत्येक गोष्ट विचारायची. बहुतेक वेळा उत्तर एकच: ‘मघाशी होतं तेच’. दुसरी, अँटेनाकडच्या प्रोग्रामनंच काही बदललं की जाहीर करायचं, ज्याला गरज त्यानं ऐकायचं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉन संस्थेत जन्मलेली टँगो ही नियंत्रण प्रणाली दुसरी रीत वापरू देते. एखादं मूल्य ठरवून दिलेल्या फरकापेक्षा जास्त हललं तरच बातमी निघते. या बातम्या आधी कोर्बा नावाच्या जुन्या तंत्रावरून जायच्या. २०१२ मध्ये टँगोच्या आठव्या आवृत्तीत त्या झीरोएमक्यूच्या पब आणि (ऐकणाऱ्याच्या) सब सॉकेटवर आल्या. थेट हुकूम मात्र कोर्बावरच राहिले. जीएमआरटीची क्षमता वाढवताना तिचं नियंत्रण नव्यानं लिहायला घेतलं ते याच टँगोवर.

खोडदचा अनुभव पुढे आणखी मोठ्या कामी आला. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर अॅरे, म्हणजे एसकेए ही दुर्बीण उभी राहतेय: आफ्रिकेच्या कारूत १९७ डिश, पश्चिम ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोट्या अँटेना. एवढ्या पसाऱ्याला हाकणारं सॉफ्टवेअर म्हणजे टेलिस्कोप मॅनेजर. त्याच्या आराखड्याचं नेतृत्व पुण्यातल्या, विद्यापीठाच्या आवारातल्या, जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या टीआयएफआरच्या केंद्राकडे होतं. टीसीएस आणि पर्सिस्टंटचे अभियंतेही त्यात होते. एसकेएनंही टँगोच निवडलं. २०२४ च्या सुरुवातीला भारत सरकारनं या प्रकल्पासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले. गैरसमज नको म्हणून सांगतो: आकाशातून येणारा मूळ रेडिओ संकेत झीरोएमक्यूवरून जात नाही, त्याचा लोंढा प्रचंड असतो आणि त्याची वाट वेगळी. तिच्यावरून जाते ती दुर्बिणीची स्वतःची खबरबात. तरीही मजा वाटते. गोंदियाच्या लॅबमध्ये २+२ चं उत्तर जाहीर करणारं सॉकेट आणि कारूतल्या डिशची खबर देणारं सॉकेट एकाच जातीचं.

उणी बाजूही सांगायला हवी. झीरोएमक्यू निरोप मेमरीत ठेवते, डिस्कवर लिहीत नाही. दिवे गेले तर रांगेतलं सगळं गेलं. पैशांचे व्यवहार, परीक्षेचे निकाल, असं एकही हरवून चालणार नाही तिथं डिस्कवर नोंद ठेवणारा ब्रोकर बरा. दुसरा चकवा उशिरा आलेल्यांचा. जोडणी मागच्या थ्रेडमध्ये होते, तिला काही मिलिसेकंद लागतात. पब सॉकेट उघडल्या उघडल्या बोलायला लागलं तर ऐकणारा जोडला जाईपर्यंतचे निरोप हवेत विरतात. एका मशीनवर दोन प्रोग्राम चालवून बघणाऱ्याला वाटतं लायब्ररीच बिघडली. आणि तिसरा, उलट्या बाजूचा: न पोचलेले निरोप रांगेत असताना प्रोग्राम रीतसर बंद करायला गेलात तर लायब्ररी मूळ सेटिंगप्रमाणे ते पोचेपर्यंत थांबून राहते, कितीही वेळ. पडदा नुसता गोठलेला. अशा वेळी थांबण्याची मुदत आपण घालून द्यायची असते, आणि ती घालायची असते हे बहुतेकांना एकदा फजिती झाल्यावरच कळतं.

सुस्ट्रिक पुढे बाहेर पडले आणि त्यांनी नॅनोमेसेज नावाची वेगळी लायब्ररी लिहिली. हिंटजेन्स राहिले. मूळचे प्रोग्रामर, पण युरोपात सॉफ्टवेअर पेटंटांविरुद्ध लढणाऱ्या एफएफआयआय संघटनेचे अध्यक्षही राहिलेले. माणसं एकत्र कशी काम करतात हा त्यांचा खरा विषय. प्रकल्पासाठी त्यांनी एक लेखी करार केला. त्याचा गाभा असा की कुणाचीही नियमात बसणारी दुरुस्ती लगेच स्वीकारायची, आधी चर्चा करत बसायचं नाही. चुकीची निघाली तर पुढच्या दुरुस्तीनं ती सुधारेल. म्हणजे माणसांच्या कामातूनही त्यांनी वाट बघणं काढून टाकलं. ज्यानं जे लिहिलं त्याचा हक्क त्याच्याकडेच राहील, तो कुठल्याही कंपनीच्या नावावर होणार नाही, हेही ठरलेलं. २०१६ मध्ये पित्तनलिकेचा कर्करोग पसरल्याचं कळल्यावर त्यांनी मरणाला सामोरं कसं जावं, भेटायला येणाऱ्यांनी काय बोलावं, यावर एक लेख लिहिला. त्याला नाव दिलं मरणाचा प्रोटोकॉल. त्या वर्षीच्या ४ ऑक्टोबरला बेल्जियमच्या कायद्यानुसार त्यांनी इच्छामरण घेतलं. वय ५३.

हक्क ज्याचे त्याच्याकडे ठेवण्याची किंमत त्यांच्यामागे चुकती करावी लागली. लायब्ररीचा परवाना बदलून मोझिला पब्लिक लायसन्स घ्यायचं ठरलं, तर जगभर विखुरलेल्या प्रत्येक लेखकाची परवानगी हवी. कुणी एकदाच एक ओळ सुधारून गेलेला, कुणी नोकरी बदललेला, कुणाचा पत्ताच नाही. एकेकाला विचारत, आलेली संमती जमा करत ते काम चालू राहिलं आणि ऑक्टोबर २०२३ मधल्या ४.३.५ या आवृत्तीबरोबर पूर्ण झालं. जिथं संमती मिळवणं शक्यच नव्हतं, तेवढा भाग मूळ कोडकडे न बघता नव्यानं लिहून काढला.